समोरचीशी माझं जुळतं, असं आकडा म्हणाला

नातवंडांना वाटतं, आजी जन्मली तीच चष्मा लावून, गुडघ्याला तेल चोळत. चाळिशीतली ती बाई मी त्यांना दाखवू शकत नाही, हे बरंच आहे. चाकणच्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसायची, मान ताठ, ओठ मुडपलेले, आणि आपले डोळे घारीचे आहेत अशी पक्की समजूत. आज ती मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन.

काम तसं सोपं होतं. मोटारीच्या बाजूच्या आरशाला मागून रंगीत प्लास्टिकचं कव्हर असतं ना, ते रंगवून आमच्याकडे यायचं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली फिरवून बघायचं. ओरखडा, रंगाखाली अडकलेला धुळीचा कण, रंगाचा ओघळ, यातलं काही दिसलं तर रिजेक्ट, नाहीतर ओके. ओके पीस फोमच्या ट्रेमध्ये ठेवायचा, रिजेक्ट पीस पत्र्याच्या पेटीत. फोमवर आवाज होत नाही. पत्र्यावर, कितीही हळू ठेवा, खण्ण होतोच. पुढची सगळी भानगड त्या खण्णची आहे.

टेबलाच्या पलीकडे ती बसायची. तिचं नाव मी तेव्हाही घेत नसे. मी तिला समोरची म्हणायचे, आणि माझ्या पाठीमागे ती मला काय म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती मराठवाड्यातून आलेली. मी मूळ थेरगावची, कंपन्या यायच्या आधीपासूनची. याचा मला केवढा तोरा! जणू थेरगाव मीच वसवलं होतं आणि बाकीचे माझ्या परवानगीने राहत होते.

भांडण पंख्यावरून सुरू झालं. टेबलाला पंखा एकच. ती आपल्याकडे वळवायची, मी माझ्याकडे.

"माझ्याकडं काय बघायलीस?" ती म्हणायची.

"तुज्याकडं बघण्यासारकं काय हाय? मी पंख्याकडं बघतीय."

"मग बघ की. वारा इकडंच ठिवते."

पंख्यावरून बसमधल्या खिडकीवर गेलो, खिडकीवरून तिच्या ठेच्याच्या वासावर. मग कारण लागेनासंच झालं. सकाळी तिचा डबा दिसला की माझं डोकं तापायचं, तेवढं पुरे होतं.

अशात नवीन तपासणी खोली बांधायला घेतली. एसी, जनरल शिफ्ट, आणि खुर्ची एकच. दोघींपैकी एकीला ती मिळणार, दुसरी जाणार लोडिंगला. लोडिंग म्हणजे रंगभट्टीच्या तोंडाशी उभं राहून कव्हरं हुकांना अडकवायची, अंगाला थिनरचा वास, आणि तिन्ही पाळ्या. रात्रपाळीने माझं डोकं असं दुखायचं की भिंतीवर आपटावंसं वाटे. त्यामुळे ती खुर्ची मला हवीच होती. पण खरं सांगू? ती तिला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

आमचा सुपरवायझर मोठा समाधानी माणूस. रोज थोडे पीस, तेच ते, आम्हा दोघींना एकेकीला दाखवून कोण काय म्हणतं ते तो टिपायचा, आणि जवळजवळ सगळ्या पिसांवर आमचं एकमत निघायचं. "बघा, कशा जुळतात दोघी!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आम्ही दोघी भिंतीकडे बघायचो.

तेवढ्यात क्वालिटीला एक मॅडम आली. वाकडला राहणारी, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिने ते कागद चाळले आणि म्हणाली, "सर, हे जुळणं काही खरं नाही. आपले बहुतेक पीस चांगलेच असतात. या दोघी डोळे मिटून ओके-ओके म्हणत बसल्या, तरी असंच जुळेल."

"डोळं मिटून?" मी उसळले. "मॅडम, तुमी शाळंत बी जात नव्हता तवापासनं मी डोळं उघडून बसलीय हितं."

तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे समजावलं. नुसत्या योगायोगानेही काही पीस जुळणारच. तेवढं आधी वजा करायचं. मग उरतं ते खरं एकमत. त्याचा एक आकडा असतो, कॅपा म्हणतात. एक आला तर पूर्ण एकमत, शून्य आला तर सगळा योगायोग. त्या आकड्यावरून आणि पीस किती बरोबर ओळखले त्यावरून खुर्ची ठरेल.

या सगळ्यातून त्या घारीच्या डोळ्यांच्या बाईने काय अर्थ काढावा? जी जास्त कडक, ती जास्त हुशार.

मॅडमने निवडून पीस आणले, अर्धे चांगले, अर्धे वाईट. प्रत्येकावर आतून नंबर. टेबलाच्या मधोमध खोक्याचा पुठ्ठा उभा केला, म्हणजे एकीला दुसरीचं दिसू नये. अर्धे पीस तिच्यापुढे, अर्धे माझ्यापुढे, चहानंतर अदलाबदल. पुठ्ठ्याने डोळे झाकले. कानांचा विचार कुणी केला नाही.

पहिले चार-पाच पीस मी नीट बघितले. मग पलीकडून खण्ण. पाठोपाठ दुसरा. हिला दिसतंय आणि मला दिसत नाही? हातातला पीस मी पुन्हा फिरवला. कडेला काहीतरी होतं, निदान असावंसं वाटलं. मी तो पेटीत टाकला, जरा जोरातच. लगेच पलीकडून खण्ण. मग काय! तिचा एक की माझा एक, माझे दोन की तिचे दोन. भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा आवाज. चहापर्यंत दोघींच्या ट्रेमध्ये फोमच दिसत होता आणि पेट्या उतू जात होत्या. अदलाबदल झाल्यावर पुन्हा तेच. संध्याकाळी मी घरी गेले ती खुर्चीवर बसायला पाठीशी कोणती उशी न्यावी याचा विचार करत.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर खुशीत. "दहातल्या नऊ पिसांवर एकमत! मॅडम, मी म्हणालोच होतो."

"कॅपा जवळजवळ शून्य आहे," मॅडम म्हणाली.

"असं कसं? जुळलंय की."

"सर, पूर्वी या सगळं ओके म्हणून जुळत होत्या. काल सगळं रिजेक्ट म्हणून जुळल्या." मग ती आमच्याकडे वळली. "ताई, मला एवढंच सांगा, पीस कुणी बघितला?"

दोघी एकदम सुटलो.

"हिनंच टाकायला सुरू केलं!"

"पयली पेटी कुनाची वाजली? इचारा तिला!" मी ओरडले.

मॅडमने एक पीस उचलून पेटीत ठेवला. खण्ण. पुन्हा ठेवला. खण्ण. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिने ते गिळलं, ते मला अजून विसरता येत नाही. सुपरवायझरला म्हणाली, "ट्रेचा फोम आहे ना? दोन्ही पेट्यांच्या तळाला आणि बाजूंना चिकटवा. उद्या परत घेऊ."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यापलीकडून काही आवाज नाही. ती टाकतेय की ठेवतेय, कळायला मार्ग नाही. मी कान टवकारून बसले. नुसता ट्यूबलाइटचा गुंऽऽ आवाज. शेवटी करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून मी हातातल्या पिसाकडे बघितलं. एका पिसावर रंगाखाली कण होता, बारीक रव्याएवढा. दुसऱ्यावर काहीच नव्हतं, आणि काहीच नाही असं म्हणायला मला केवढे कष्ट पडले!

या वेळी आकडा एकच्या अगदी जवळ आला. पिसांची उत्तरंही दोघींची जवळपास सगळी बरोबर. जिथे ती चुकली, तिथेच मी चुकले होते.

"मग खुर्ची कुणाला?" सुपरवायझरने विचारलं.

"कुणालाही द्या," मॅडम म्हणाली. "काही फरक पडत नाही."

इतकी वर्षं मी तिच्यावर दात धरला, त्याचं हे फळ! मला ती नापास म्हणाली असती तर भांडता आलं असतं. पण काही फरक पडत नाही? मी आणि ती? समोरचीचं तोंडही कडू झालं होतं. तेसुद्धा माझ्याइतकंच.

खुर्ची आठवड्या-आठवड्याने वाटून दिली. एक आठवडा ती एसीत, मी भट्टीपाशी. पुढचा आठवडा उलट. माझ्या आठवड्याच्या सोमवारी मला खुर्ची एवढी उंच केलेली सापडायची की पाय लोंबकळत. शनिवारी निघताना मी ती पार खाली करून जायचे.

लोडिंगच्या आठवड्यात तिने रिजेक्ट केलेले पीस घासून पुन्हा रंगवायला माझ्याकडेच यायचे. ती घारीच्या डोळ्यांची बाई, म्हणजे मी, जेवणाची सुट्टी अर्धी सोडून ते पीस उजेडात नेऊन तपासायची. एक तरी चुकीचा सापडू दे! प्रत्येकावर काही ना काही असायचंच, आणि अगदी मी बोट ठेवलं असतं तिथेच. रागाने एक दिवस मी त्यातला एक, अगदी पुसट ओरखड्याचा, न घासता तसाच तपासणीच्या रांगेत परत सोडला.

दुसऱ्या दिवशी कॅंटीनमध्ये मी डबा उघडला आणि झाकणाशेजारी ते कव्हर येऊन पडलं. ती उभी होती.

"हे तुझं हाय," ती म्हणाली. "जेव आता. आन् पुढच्या वेळी जरा बारीक वरखडा शोध."

पुढच्या सोमवारी खुर्ची माझी होती. मी ती खाली केली, बसले, आणि रांगेतला प्रत्येक पीस दोनदा फिरवला. तिने न घासता मुद्दाम सोडलेला तिसऱ्या दिवशी सापडला. खालच्या कडेला, नखाएवढा.