शफलवर ऐकलेली अमेरिका

आधीच सांगते: मला पाश्चात्य संगीतातलं काही कळत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. माझे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे, आई चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. ती पदवी मी पाठांतरावर मिळवली. वर प्रश्न, त्याखाली सहा मुद्दे, तळाशी निष्कर्ष, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनची रेघ. या पद्धतीने मी तालुक्याच्या गावातून निघून सिडनीत, स्कोफिल्ड्सच्या स्वतःच्या घरापर्यंत आले. तेव्हा पद्धतीतच काही खोट असेल असं मला कधी वाटलं नाही.

माझी मुलगी इथे दहावीत आहे आणि व्हायोला वाजवते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला, घोगऱ्या आवाजाचा भाऊ. शाळेच्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांच्या गटात, व्हायोलाची एकच जागा रिकामी झाली होती. पोरगी दोन वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होती. निवडीसाठी वाजवून दाखवायचं होतंच, शिवाय म्युझिकच्या बाईंनी दिलेल्या रेकॉर्डिंगवर पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय काय, तर अमेरिकेची ओळख आणि इतिहास. आठ तुकड्यांत, चार तंतुवाद्यांवर.

मी वैतागले. "अगं, आलो महाराष्ट्रातून, राहतो ऑस्ट्रेलियात, आणि ओळख शोधायची कुणाची, तर अमेरिकेची?"

"आई, इट्स जस्ट म्युझिक."

"जस्ट म्युझिकवर कुणी पाच मिनिटं बोलायला लावत नाही."

मग काम मी हातात घेतलं. ऑफिसला जाताना गाडीत, फोनवरच्या फुकटच्या ॲपवर ते रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक तुकड्याचं नाव पडद्यावर दिसायचं. पहिले दोन दिवस नुसती कुरकुर ऐकू आली आणि मी दहा मिनिटांत बंद केलं. त्यातल्या कापसाच्या शेतावरच्या तुकड्यात तर सगळे मध्येच वाजवायचं थांबवून वाद्यांच्या लाकडावर बोटं आपटतात. मला वाटलं, गाडीचं काहीतरी सैल झालंय. गाडी बाजूला घेऊन मी चाकं बघून आले.

तिसऱ्या दिवशी मोटरवेवर अडकले म्हणून पहिल्यांदा सगळं सलग ऐकलं. आणि मला मुद्दा सापडला. आधी रेल्वे, मग कारखाने, आणि माणसांना साखळदंडात घालून आणणारी जहाजं अगदी शेवटी. म्हणजे हे संगीत रचणाऱ्या बाबाने इतिहास मुद्दाम उलटा लावलाय! का, तर मागे घडलेलं कधी संपत नाही हे दाखवायला. मुद्दा क्रमांक चार. लाल पेन. स्वतःवर इतकी खूश मी पदवीच्या निकालादिवशीही नव्हते.

मुलगी कागद बघून म्हणाली, "आई, दॅट्स नॉट द ऑर्डर. जहाजं पहिली आहेत."

"मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला शिकवू नकोस."

"फाइन."

सलग चार दिवस संध्याकाळी मी तिच्याकडून ते घोटून घेतलं, 'यावरून असे दिसून येते'च्या इंग्रजीसकट.

निवडीच्या दिवशी पालकांना मागे बसायची परवानगी होती. तिने छान वाजवलं, तेवढं मलाही कळलं. मग बोलायला लागली. मुद्दा एक, दोन, तीन, सगळं खडाखडा. चौथ्याला बाईंनी हात वर केला.

"एक मिनिट हं. जहाजांचा तुकडा तर पहिलाच आहे ना?"

माझे कान तापले. मुलीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सॉरी मिस," ती म्हणाली, "मी शफलवर ऐकलं."

शफल! ते फुकटचं ॲप पत्ते पिसावेत तसे तुकडे पिसून वाजवतं, हे मला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईला, त्या क्षणी कळलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि थँक यू म्हणाल्या.

गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "चूक आहे हे माहीत होतं, तर बोललीस कशाला?"

"पाठ झालं होतं ना. तीनच्या पुढे चारच येतो."

"मग माझं नाव सांगायचंस!"

"काय सांगू? माझ्या मम्मीने लिहून दिलं? ते तर अजूनच एम्बॅरसिंग."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी मी शाळेत गेले. बाईंना म्हटलं, "मुद्दे माझे होते. शफलही माझंच. तिला योग्य क्रम माहीत होता."

बाई हसल्या. "अंदाज होता. पंधरा वर्षांची मुलं अशी बोलत नाहीत. गुरुवारी लंचला पुन्हा बोलू दे तिला. कागदाशिवाय." मग म्हणाल्या, "आणि तुमच्याशिवाय. नो वरीज?"

मी म्हटलं, नो वरीज. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी शाळा सुटल्यावर पोरगी गाडीत बसली, दप्तर मागे फेकलं आणि म्हणाली, "मिळाली."

"जागा?"

"हो."

"काय बोललीस?"

"ते लाकडावर बोटं आपटतात ना, त्याबद्दल."

"पाच मिनिटं? नुसतं त्याबद्दल?"

"त्याच्याआधी सगळे एकदम थांबत नाहीत, आई. पहिल्यांदा व्हायोला थांबतो."

"बरं. मग मुद्दे किती झाले?"

"आई!" म्हणून तिने इयरफोन कानात घातले.

त्या ठकठकीवर पाच मिनिटं काय बोलता येतं, हे मला आजही कळलेलं नाही. विचारलं की ती डोळे फिरवते. काल तिच्या फोनवरून, शफल बंद करून, मी तो तुकडा पुन्हा ऐकला. पहिल्यांदा व्हायोला थांबतो, हे खरं आहे. पण त्यानंतर मला अजूनही गाडीचं काहीतरी सैल झाल्यासारखंच वाटतं.