तिला तेवढं उठवा

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. अकोल्यातल्या एका परीक्षा केंद्रावरचा तो रविवार मात्र तसाच्या तसा समोर उभा राहतो.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. शहरात सरकारी भरतीची लेखी परीक्षा होती. बंदोबस्त लावून ठाण्यात परतलो, तोच ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे वयस्कर माणूस होता.

"सायेब, त्या शाळेत एक पोरगी दुसरीच्या नावानं पेपर द्याले बसून रायली. तिले तेवढं उठवा."

"आपण कोण बोलता?"

"मी कोनी का असंना. पेपर सुरू व्हायच्या आंदी उठवा. लवकर जा सायेब."

फोन बंद झाला. स्टेशन डायरीत नोंद घेतली, एका महिला शिपायाला बरोबर घेतलं आणि निघालो. पोचलो तेव्हा घंटा होऊन दहा मिनिटं झाली होती. हजेरीपटावर सह्या झाल्या होत्या, उत्तरपत्रिका हातात पडल्या होत्या. म्हणजे गुन्हा घडून गेला होता.

केंद्रावर मुलींचे तीन वर्ग होते. प्रवेशपत्रावरचे फोटो असे छापलेले, की कुणाचाही चेहरा कुणाचाही वाटावा. मी एकेकीला पत्ता विचारत गेलो. पत्ता पाठ करता येतो, म्हणून त्यापुढे विचारायचो, "शेजारी कोण राहतं?" खरा राहणारा माणूस यावर पटकन नाव सांगतो, नाहीतर शेजाऱ्याची तक्रार तरी करतो. तिसऱ्या वर्गात खिडकीजवळच्या मुलीनं शहरातल्या बड्या वस्तीतला पत्ता घडाघडा सांगितला आणि शेजाऱ्यापाशी अडली. मग पेन खाली ठेवून ती आपणच उठली. तिनं तेवढ्या वेळात सोडवलेल्या प्रश्नांत एकही चूक नव्हती, असं पर्यवेक्षिकेनं मला नंतर सांगितलं.

केंद्रप्रमुखांनी फिर्याद दिली. मुलगी पातूर तालुक्यातल्या एका खेड्यातली निघाली. ठाण्यात महिला शिपायासमोर मी तिची चौकशी सुरू केली.

"कुणी पाठवलं?"

"कोनी नाई. मीच बसली."

आवाज चढवून पाहिला, मग समजुतीनं विचारलं. तासाभरानंतरही तेच उत्तर. शेवटी वैतागून म्हणालो, "एवढं येतं तुला, तर स्वतःच्या नावानं का नाही बसलीस?"

"बसनार होती. हाच पेपर. माझं सेंटर दुसऱ्या शाळेत हाय. तिथं माझा बेंच आज खाली हाय."



पाठवणाऱ्याचं नाव तिच्याकडून निघेना, म्हणून मी फोन करणाऱ्याचा शोध घ्यायचं ठरवलं. नंबर तिच्याच गावचा निघाला. मी जीप पाठवली. साध्या कपड्यात एक माणूस पाठवायला हवा होता. जीप भर दिवसा गावाच्या मधोमध थांबली आणि त्या माणसाला बसवून आणलं, हे सगळ्या गावानं पाहिलं.

धोतर नेसलेला, साठीकडे झुकलेला तो माणूस दारातून आत आला आणि मुलगी उभी राहिली.

"बाबा? तुमी फोन केला?"

त्याला तिच्याकडे बघवेना. तो माझ्याकडे वळला. "सायेब, म्या तिले उठवा मनलं होतं. अंदर टाका मनलं होतं का?"

मग त्यानं सगळं सांगितलं. घरची जमीन नव्हती. विहिरीजवळचं दोन एकर वावर मक्त्यानं घेऊन हे कुटुंब वर्षानुवर्षं मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकवत होतं. वावराचा मालक अकोल्यातला मोठा कंत्राटदार. त्याची मुलगी आणि ही एकाच कॉलेजात शिकलेल्या. मालकानं हिला बोलावून सांगितलं होतं, की माझ्या मुलीचा पेपर तू दे, नाहीतर वावर सोडा. पोरीनं हे फक्त आईला सांगितलं. बापाला कळलं ते त्या सकाळी, ती एसटीत बसल्यावर. त्यानं विचार केला, पोलिसांनी वेळेवर उठवलं तर पोरगी गुन्ह्यातून वाचेल, आणि तिनं नाही म्हटलं असंही मालकाला वाटणार नाही. पोलीस एवढं तर करतीलच, अशी त्याची खात्री होती.

मी त्याचा जबाब नोंदवला आणि मालकाला बोलावलं. तो दुपारी वकिलासह आला. कुणी न सांगता हवालदारानं खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मुलीचा बाप भिंतीशी जमिनीवर बसला होता. बाकडं रिकामं होतं. मी एकाला 'आपण' म्हणत होतो, दुसऱ्याला 'तू'. हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली.

मालक शांतपणे म्हणाला, "माझी मुलगी कालपासून दवाखान्यात भरती आहे. ही पोरगी भाजी घेऊन बंगल्यावर येते. तिनंच प्रवेशपत्र चोरलं असेल." दवाखान्याचा कागद त्यानं बरोबर आणलाच होता.

चोरलेल्या प्रवेशपत्रावर परीक्षा देऊन या मुलीला काय मिळणार होतं? हा प्रश्न मी वरिष्ठांसमोर ठेवला. ते म्हणाले, "बापाच्या शब्दापलीकडे काय आहे तुमच्याकडे?" दवाखान्याचं रजिस्टर तपासता आलं असतं. प्रवेशपत्रावर दोघींचे चेहरे मिसळून केलेला फोटो होता, तो कुठं तयार झाला, तेही शोधता आलं असतं. मी एकदा लेखी परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा मागितली नाही. माझ्या बदलीचे दिवस होते आणि मला अमरावती हवी होती.

आठ दिवसांनी बाप पुन्हा आला. जीपमुळे खबर कुणी दिली ते मालकापर्यंत पोचलं होतं.

"थो मनते बयान बदल, त वावर रायते. पोरगी बी मनते, बदला बाबा."

मी नवा जबाब लिहून घेतला. दोषारोपपत्रात एकच आरोपी राहिली. मालकाची मुलगी सरकार पक्षाची साक्षीदार झाली. मेथी निघाली आणि मालकानं वावर काढून घेतलंच.

पुढच्या भरतीत मालकाच्या मुलीची निवड झाली. मी अजून अकोल्यातच होतो. चारित्र्य पडताळणीसाठी तिचा कागद माझ्याच टेबलावर आला. मी लिहिलं, 'प्रतिकूल काही आढळले नाही.' काही दिवसांनी आरोपी मुलीचाही एका साध्या नोकरीसाठीचा कागद आला. त्यावर लिहिलं, 'गुन्हा दाखल, खटला प्रलंबित.' दोन्ही नोंदी रेकॉर्डप्रमाणे खऱ्या होत्या.

खबर देणाऱ्याचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही, हे प्रशिक्षणात सुरुवातीलाच शिकवतात. आम्ही ते पाळतोही, पण गुन्हेगारांमधल्या खबऱ्यांच्या बाबतीत, कारण त्यांची पुन्हा गरज पडते. भाजीवाल्याची मला पुन्हा गरज पडणार नव्हती. ते प्रकरण मला एवढंच शिकवून गेलं. अन्याय करायला लाच घ्यावी लागत नाही, कुणाचा द्वेषही करावा लागत नाही. कुणासाठी खुर्ची आपोआप पुढे होते, तेवढ्यावर तपासाची दिशा ठरते.

खटला वर्षानुवर्षं चालला. पर्यवेक्षिकेला कोर्टात आरोपी ओळखता आली नाही आणि मुलगी निर्दोष सुटली. तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं. निवृत्तीनंतर मी साक्ष देऊन गेलो होतो, निकालाच्या दिवशीही कोर्टात आलो. ती व्हरांड्यात भेटली.

मी म्हणालो, "सुटलीस. चांगलं झालं."

"कशातून सुटली सायेब?"

मी विषय बदलला. बाबा कसे आहेत, एवढं विचारलं.

"दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जातेत. माह्यासंगं बोलत नाईत. नजर देत नाईत. त्यायले वाटते, त्यायनंच मले अंदर टाकलं." ती थांबली. "तुमी एकडाव घरी या ना सायेब. त्यायले सांगा, थे त्यायनं नाई, तुमी केलं."

मी येतो म्हणालो. मी आता अमरावतीतच राहतो. तिथून पातूर काही लांब नाही, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येतो. मी अजून गेलेलो नाही.