भिजलेलं प्रोसिडिंग बुक

"थांबा तिथंच. बुक गड्याजवळ द्या."

आतून आवाज आला. मी थांबलो. बँकेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, वय एकावन्न, इस्त्रीचा शर्ट, पायात नुसते मोजे. बूट अंगणात काढून ठेवलेले. धामणगाव रेल्वेच्या पुढच्या एका खेड्यात आमच्या अध्यक्षांचं घर. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. संचालकांची सभा अमरावतीला मुख्य कार्यालयात व्हायची, पण प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठरावांची नोंदवही, सहीसाठी अध्यक्षांच्या घरी न्यायची पद्धत होती. माझ्या आधीचे अधिकारीही नेत. ते आत बैठकीत बसत, चहा पीत, सही घेऊन परत येत. मी नेऊ लागलो तेव्हा माझी जागा ओसरीवर ठरली. कोणी ठरवली ते विचारू नका. पहिल्याच दिवशी ठरलेली होती.

गड्याने बुक चौरंगावर ठेवलं. भाऊसाहेबांची आई तांब्या घेऊन बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने बुकावर पाणी शिंपडलं. हे दर महिन्याचंच होतं. एरवी बुक मिटलेलं असायचं, पुठ्ठ्यावर चार थेंब पडायचे, वाळून जायचे. त्या दिवशी मीच चूक केली. सोयीचं व्हावं म्हणून सहीचं पान उघडून दिलं होतं. शाई पसरली. दोन ठराव वाचता येईनात.

"बुढी झाली माय," भाऊसाहेब आतून म्हणाले. "तिचं काय मनावर घेता? माह्या मनात तसं काई नाई." आणि ओल्या पानावर सही केली.

मी म्हणालो, "हो भाऊसाहेब."

मला आजही त्या पाण्याचा राग येतो, पण त्याहून जास्त राग या दोन शब्दांचा येतो.

बार्शीटाकळीजवळच्या गावातला मी. बाप जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचा. मी बी.कॉम. झालो, बँकेत क्लार्क लागलो. शेंदूरजनाघाटला मॅनेजर होतो तेव्हा संत्र्याचे व्यापारी केबिनमध्ये यायचे, ऐसपैस बसायचे. मी चहा मागवायचो. "आत्ताच झाला, साहेब." रोज मागवायचो, रोज त्यांचा आत्ताच झालेला असायचा. मी हसून घ्यायचो. खात्याच्या परीक्षा दिल्या, बदल्या भोगल्या, सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत आलो. पण तिथे प्रभारी. कायम करायचा ठराव पुढच्या सभेत घेऊ, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. ती वर्षंही वाईट होती. कापूस गेला, सोयाबीन गेलं, सकाळी पेपर उघडावासा वाटायचा नाही. बँकेत येणारा माणूस थकलेला आणि समोर बसलेलाही थकलेला. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो. मी माझा जोर कायम होण्यासाठी राखून ठेवला होता, असं मी स्वतःला सांगायचो.

मग लेखापरीक्षक आले. अकोल्याचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. ते पान त्यांनी खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"हे काय झालं?"

"पावसात भिजलं."

त्यांनी सभेची तारीख पाहिली. चष्मा काढला. "साहेब, त्या महिन्यात थेंब नाई पडला. माह्यं अख्खं सोयाबीन करपलं. मले नका सांगू."

मी खाली मान घातली. खोटं बोलायचं तर तेही धड जमलं नाही. त्यांनी मेमो दिला. दप्तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना खराब झालं, आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन. "चहा सांडला म्हना तुमच्या हातून. लिवून द्या अन् मोकये व्हा. पुढच्या मिटिंगले तुमचा कायमचा ठराव घेतो."

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं फोनवर मिळत होतं. मी रविवारी दुपारी बसलो आणि लिहिलं. माझ्या हातून चहा सांडला, निष्काळजीपणाबद्दल दिलगीर आहे. अक्षर चांगलं काढलं. बायकोला वाचून दाखवलं. ती झेडपीच्या शाळेत शिकवते. मेथी निवडत ऐकत होती.

"तुमच्या हातून काई नाई सांडलं," ती म्हणाली. "तुमचा हात लागला म्हनून त्यायनं सांडलं. काहून सोतावर घेऊन राहिले?"

"कायम व्हायचंय मला."

"मंग व्हा. पण पोरीले काय सांगसान? बाबाच्या हाताले वळण नाई म्हनून?"

मी तिच्यावर ओरडलो. जेवलो नाही. ओसरीवर कधी आवाज चढला नाही आणि घरात चढला, याची मला लाज वाटली. संध्याकाळ होईपर्यंत ती लाज गेली नाही. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

"सदर नोंदवही सहीसाठी मा. अध्यक्षांच्या निवासस्थानी नेली होती. मी बौद्ध आहे. माझा हात लागलेली नोंदवही घरात घेण्यापूर्वी तिच्यावर पाणी शिंपडण्यात आले. हे दर महिन्याला होत असे. पावसाबाबत मी आधी दिलेले उत्तर खोटे होते."

खाली पूर्ण नाव. एक प्रत सहकार खात्याला.

भाऊसाहेब बँकेत आले. दार लावून घेतलं. "घरातली गोष्ट कागदावर आनली तुमी."

"बुक बँकेचं आहे, भाऊसाहेब," मी म्हणालो.

पुढे फार काही झालं नाही. लेखापरीक्षकांनी खुलासा फाइलला लावला. सहकार खात्याकडून पोच आली, बाकी काही नाही. म्हातारीला कोणी विचारलं नाही, भाऊसाहेबांनाही नाही. माझा ठराव सभेपुढे आला नाही, आता येणारही नाही. माझ्याबरोबर डबा खाणारे दोघं जण आता दुसऱ्या खोलीत जेवतात. निवृत्तीला अजून काही वर्षं आहेत. मी प्रभारीच जाईन. थकवाही गेलेला नाही, सकाळी उठताना अंगात तसाच असतो.

एक काम मात्र मी केलं. नवीन नोंदवही सुरू झाली तेव्हा पहिल्या पानावर आदेश लिहिला. ही नोंदवही मुख्य कार्यालयाबाहेर नेली जाणार नाही. खाली सही, शिक्का. दोन सभांचं इतिवृत्त सहीविना पडून राहिलं. तिसऱ्या सभेनंतर भाऊसाहेब स्वतः माझ्या केबिनमध्ये आले. मी म्हणालो, बसा. ते बसले नाहीत. उभ्यानेच सह्या केल्या आणि गेले.

बुकाची पानं क्रमांकाची आहेत, पहिलं पान गुपचूप फाडता येणार नाही. तो आदेश ज्याला रद्द करायचाय त्याने सभेत यावं, उभं राहावं आणि बुक घरी कशासाठी हवं ते सगळ्यांसमोर सांगावं. इतिवृत्त मी लिहितो. तो जे बोलेल ते शब्द न बदलता उतरवून घेईन.