हळदीकुंकवाला आलेली विद्यार्थिनी

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. जात, वंश, पूर्वग्रह यांवर तासभर तावातावानं बोलते. जीभ माझी तिखट, हे अख्ख्या स्टाफरूमला ठाऊक आहे. त्या संक्रांतीला मात्र घरच्याच बैठकीत ती कच खाऊन बसली.

मणिपूरची माझी एक विद्यार्थिनी भंवरकुआं भागात एका खाजगी होस्टेलात राहायची. नाकडोळ्यांवरून टोमणे रोजचेच होते. मग सुक्या मासळीच्या वासावरून मालकानं आठवड्यात खोली खाली कर म्हणून सांगितलं. परीक्षा तोंडावर आलेली. खोली मिळाली नाही तर वर्ष सोडून गावी जाईन, म्हणाली. माझं डोकंच सणकलं. छत्रीबाग भागातल्या आमच्या घरात वरची खोली रिकामी पडली होती. म्हटलं, आजच बघून जा. घर सासूबाईंचं, पण हळदीकुंकू उरकलं की त्यांना विचारू, असा माझा हिशेब.

हळदीकुंकू उरकायच्या आधीच ती आली. बायका जमलेल्या. माझी धांदल बघून तिनं आपणहून तिळगुळाचं ताट उचललं आणि वाटायला लागली.

पुण्याहून आमच्या हिंदी मुलखात बदलीवर आलेल्या एक बाई होत्या. माझ्या मराठीतली हिंदी ऐकून मघापासून गालात हसत होत्या, आणि मी आतल्या आत धुमसत होते. मुलीकडे बघून त्यांनी विचारलं, "नेपाळी बाई ठेवलीत वाटतं?"

शेजारीच सोवळं पाळणाऱ्या सासूबाई कान देऊन बसलेल्या. खरं बोलले असते तर कोण, कुठली, काय खाते, सगळं तिथंच निघालं असतं आणि खोली गेली असती.

"हां, आजच कामावर आलीय," मी म्हटलं.

मुलगी समोरच उभी होती. मी एकेकीला कुंकू लावत होते. तिला वगळून पुढच्या बाईकडे वळले. कामवालीलाही कुंकू लावायची आमच्याकडे रीत आहे, पण तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तिनं सगळ्यांना तिळगूळ वाटला. मग स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "मॅम, यहाँ रहूँगी तो रोज़ यही बनकर रहना पड़ेगा?"

"नहीं बेटा, बस आज के दिन," मी म्हणाले. बोलले आणि माझी मलाच किळस आली.

तिनं ताट ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या. आणि ती निघाली. त्याच आठवड्यात ती गावी निघून गेली, परीक्षा न देता.