आळ्यात पुरलेले पेरू

अन्याय झाला तो माझ्या आईवर. अठ्ठ्याहत्तर साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेआठला. वेळ पक्की आठवते, कारण आई शाळेत शिपाई होती आणि कामावर निघाली होती. नाशिकमधल्या आमच्या कॉलनीचे चेअरमन एका कोयतेवाल्याला घेऊन फाटकात आले आणि आमच्या पेरूची रस्त्यावर झुकलेली फांदी त्यांनी उतरवली.

"वहिनी, तुमच्या पेरूत अळ्या आहेत. सगळ्या कॉलनीत पसरतात. पुढच्या पावसाळ्यात दिसल्या तर झाड बुंध्यातून जाईल."

"कॉलनीत काय माझंच झाड हाय का?" आई म्हणाली. ती सायखेड्याची, बोली तीच राहिली.

ते कोयतेवाल्याला घेऊन निघून गेले. पेरू घरोघरी होता, त्यांच्या बंगल्यामागे तर दोन. आमचा फाटकाशी होता, म्हणून सापडला. मी पहिलीत असताना आईने तो लावला आणि नळावरून कळशीने पाणी आणून वाढवला.

मी तेव्हा कॉलेजात होते, मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. त्याच दिवशी लिहिलं: 'झाड तोडणाऱ्यांना जाब विचारा.' सायक्लोस्टाइलला दिलं. दुसऱ्या दिवशी झाडाचं आळं मोकळं करताना खुरप्याला तांदळाएवढे तपकिरी दाणे लागले, चांगले मूठभर. किडे वाटेनात, बिया वाटेनात. मातीसकट बरणीत घातले, तोंडाला फडकं बांधलं. आठवड्याने पत्रकांचा गठ्ठा घरी आला तेव्हा बरणीत माश्या फिरत होत्या. पिवळ्या पट्ट्यांच्या, पेरूवर बसतात त्याच.

गळलेला पेरू आई कधी फेकत नसे. आळ्यात टाकायची आणि वर मूठभर माती ओढायची. तिच्या माहेरी सगळे तसंच करत, झाडाला खत मिळतं म्हणून. म्हणजे फळातली अळी मातीत उतरायची, कोष करायची, माशी होऊन वरच्या फळाला डंख मारायची. तिला अंथरूण-पांघरूण आम्हीच घालत होतो.

बरणी आईपुढे ठेवली. तिने ती उचलून उजेडात धरली.

"म्हंजी तो माणूस खरं बोलला."

"अर्धं. त्यांच्या मागच्या अंगणात जाऊन बघ, पेरूंचा चिखल झालाय."

"त्यांचं मागून. आधी आपलं आळं खण. आन् ते कागद लय तिखट लिवलेत तू. मागची बाजू कोरी हाय ना? तिथं हे लिव."

मागे हाताने लिहिलं: 'गळलेलं फळ त्याच दिवशी उचला. झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवा. मग दोन हात खोल पुरा.' पुढची बाजू खोडली नाही. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. कागद कॉलनीत घरोघरी वाटले.

पुढच्या पावसाळ्यात फळं लिंबाएवढी झाली तशा आईने मालेगावच्या विरळ कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि एकेक फळ बांधलं.

"काय हो, पेरूला झबली?" शेजारीण हसली.

"हो. तुमची दृष्ट लागती."

मी रोज बादली घेऊन घरोघरी. चेअरमन म्हणाले, "आमच्या बागेत तुझं काय काम?"

"फळं उचलायचं. तुम्ही उचला, मी जाते."

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको स्वतःच बादली घेऊन झाडाखाली उभी होती.

पोळा झाला आणि ते कोयतेवाल्याला घेऊन पुन्हा फाटकात आले. आईने पिशवी सोडून पेरू दिला, सुरी दिली. त्यांनी कापला. दुसरा कापला. तिसरा. मग एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "वहिनी, मीठ आहे का?"

आईने मीठ दिलं. कोयतेवाल्यालाही फोड मिळाली. झाड राहिलं. तोडलेल्या फांदीबद्दल मात्र त्यांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही, आणि मी विसरलेले नाही.

एका घराने पिशव्या बांधून माशी हटत नाही. तुमच्या दारात पेरू असेल तर हे वाचून बाजूला ठेवू नका. उठा, आत्ता झाडाखाली जा, पडलेलं प्रत्येक फळ उचला. मग शेजाऱ्याच्या कुंपणाशी जाऊन उभे राहा आणि तो उचलेपर्यंत तिथून हलू नका.