अण्णांचा आरसा

काल वेरूळच्या अंधाऱ्या लेणीत गाईडनं आरशानं ऊन आत फेकलं आणि मला लॉकडाऊनमधले अण्णा आठवले. माझे वडील, तेही इथलेच गाईड.

तेव्हा लेणी बंद होती, गावात कुणी फिरकत नव्हतं. तरी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात आरसा पुसत बसायचे. एकदा त्यांनी तो तिरका धरला. कवडसा स्वयंपाकघरात शिरला, भिंतीवरून सरकत आईच्या हातांवर थांबला. ती पिठाचा डबा परातीत उपडा करून तळ थोपटत होती.

अण्णांनी सवयीनं विचारलं, "दिसलं का?"

"व्हय, दिसलं. आत या, लई ऊन झालंय," म्हणत तिनं रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

अण्णांना डबा दिसला नसेल, असंच मला इतकी वर्षं वाटायचं. काल गाईडकडून आरसा मागून मी स्वतः धरून पाहिला. आरसा धरणाऱ्यालाच सगळ्यात आधी दिसतं.