दहा नंबरच्या भिंतीवरची चुंबळ

हॉटेलच्या रिसेप्शनवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतःच बॅग घेऊन चेक-इन करतात! त्यात आमचं हॉटेल यवतमाळातलं 'डिझाइनवालं'. दहा खोल्या, पुण्याचा आर्किटेक्ट, मुद्दाम प्लास्टर न केलेल्या भिंती. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा आमच्याकडे संशयानेच बघतो.

दिग्रसचे एक जिनिंगवाले शेठ आले. खोलीतल्या भिंतीवरून हात फिरवला आणि तसेच खाली रिसेप्शनवर उतरले.

"काहो, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच उद्घाटन करून टाकलं काय?"

"शेठ, ही डिझाइन आहे."

"असं प्रत्येकच ठेकेदार म्हणते!"

*

आमच्या बाथरूमला काचेची भिंत आहे. घाटंजीच्या एका काकूंनी तिच्यावर चादर, टॉवेल, काकांचं धोतर, सगळं टांगलं आणि वर मलाच फोन केला. "बाबू, अजून एक चादर पाठव!"

मी म्हटलं, "काकू, खोलीत फक्त काकाच तर आहेत."

"चाळीस वर्षांत नाई लावली ते सवय आता कायले लावू?"

*

पण संशय काय, आम्हालाही येतो. एका शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "उद्या-परवा बुकिंग कंपनीचा तपासनीस येणार. साधा पाहुणा बनून राहील, ओळख सांगणार नाही. मार्क कमी पडले तर साफसफाईचं काम नागपूरच्या एजन्सीला!"

साफसफाई म्हणजे आमची एकटी शेवंताबाई. दिग्रसकडच्या बंजारा तांड्यावरची. तिच्या पगारावर दोन पोरी शिकताहेत. शेतातलं काम सोडून इथे का आलीस, असं मी तिला एकदा विचारलं होतं.

"नळ पाहून," ती म्हणाली. "माह्या याडीची, माह्या आईची, सारी जिंदगी डोक्यावर पाणी वाहण्यात गेली. इथं तोटी फिरवली का पाणी!"

*

शनिवारी चार नंबरच्या गृहस्थांनी खिडकीच्या कडेवर बोट घासलं. शेवंताबाईने दारातून ते पाहिलं. झालं! तिने ती खिडकी दिवसभरात पाच वेळा पुसली. संध्याकाळी कळलं, गृहस्थ बोटाला लागलेला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा चुना पुसत होते!

सात नंबरच्या मॅडमनी स्वतःच पलंग आवरला, कप धुतले, झाडूही मागितला.

"पाहा," शेवंताबाई माझ्या कानाशी लागली, "मले नापास करून राह्यली हे!"

मॅडम बिचाऱ्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरी पसारा टाकून जाऊ नये, असं आमच्या सासूबाईंनी शिकवलंय हो."

माझा संशय मात्र दहा नंबरवर होता. वही घेऊन आलेली एकटी मुलगी. तिच्या खोलीत कवड्या लावलेली चुंबळ चौकटीत टांगली आहे. बायका डोक्यावर घागरीखाली ठेवतात, तीच. ती मुलगी चुंबळीकडे बघून सारखी काहीतरी लिहीत होती. शेवंताबाईला ती चौकट पहिल्यापासून खटकायची. "डोक्यावरची वस्तू भिताडाले काहून टांगता?" असं ती धूळ झटकताना म्हणायची.

*

आणि रविवारी सकाळी मोटार जळाली! टाकी कोरडी, नळ कोरडे, साहेबांना दरदरून घाम. मागच्या विहिरीवरून बादल्या आणल्या तर अर्धं पाणी जिन्यावरच सांडायला लागलं.

शेवंताबाई दहा नंबरला गेली. "मॅडम, एक मिनिट हं." चौकट उघडली, चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली. रिसेप्शनवर शोभेला ठेवलेली तांब्याची घागर उचलली आणि विहीर ते दुसरा मजला अशा खेपा सुरू केल्या. एक थेंब सांडला नाही! दहा नंबरची मुलगी प्रत्येक खेपेला फोटो काढत होती.

"गेली हिची नोकरी," साहेब पुटपुटले. मलाही तसंच वाटलं आणि फार वाईट वाटलं. दुपारी शेवंताबाईने खोल्यांच्या किल्ल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. मी त्या परत तिच्या हातात दिल्या.

गुरुवारी रिपोर्ट आला. तपासनीस दहा नंबरच! पैकीच्या पैकी मार्क. खाली लिहिलं होतं, 'पाणी आणण्याची पारंपरिक पद्धत प्रत्यक्ष अनुभवता आली. अविस्मरणीय!'

शेवंताबाई पदराने डोळे पुसत हसली. साहेबांनी पेढे मागवले, पहिला तिच्या हातावर ठेवला.

"शेवंताबाई, नोकरी पक्की! आता दर रविवारी सकाळी आठला हेच करायचं. पाहुण्यांसमोर. नवा घागराही शिवून देतो तुला."

शेवंताबाईने पेढा परत डब्यात ठेवला.

"साहेब, मंग मोटार कायले दुरुस्त केली?"